सहीच्या टेबलापासून उलटं मोजत

वस्तीतल्या पुस्तकाच्या दुकानात लेखकाचा कार्यक्रम ठरला की पहिली चर्चा बॅनरची होते, मग चहाची, मग फोटो कोण काढणार याची. सहीच्या टेबलाचा विषय कार्यक्रमाच्या दिवशी साडेपाचला निघतो आणि मग काउंटरचाच एक कोपरा रिकामा करून लेखकाला तिथे बसवलं जातं. खरं तर वाचक आपल्या दुकानात येतात ते त्या टेबलासाठी. भाषणं सभागृहात ऐकायला मिळतात, मुलाखती यूट्यूबवर पडलेल्याच असतात. लेखकासमोर पुस्तक धरून मिनिटभर दोन वाक्यं बोलता येणं मात्र तीस-चाळीस माणसांच्या कार्यक्रमातच जमतं. त्यामुळे आखणी त्या टेबलापासून करायची आणि मागे मागे यायचं. हे टिपण तसंच लिहिलं आहे. पुण्यातलं पाचशे चौरस फुटांचं, रस्त्यालगतचं, वर सोसायटी असलेलं मराठी पुस्तकांचं दुकान डोळ्यांसमोर धरलं आहे. नाशिक, ठाणे, मडगावला आकडे थोडे इकडे-तिकडे होतील, एवढंच.

आधी वेळेचा हिशोब. नुसत्या सहीला पंधरा-वीस सेकंद लागतात. नाव, सही, तारीख असं लिहायचं तर चाळीस-पंचेचाळीस. वाचकाला दोन शब्द बोलायचे असतात, फोटो हवा असतो, मोबाइल मागच्या माणसाच्या हातात द्यायचा असतो; म्हणजे सरासरी सव्वा ते दीड मिनिट धरावं. पन्नास माणसं आली तर तीसेक रांगेत उभी राहतात. तीस गुणिले दीड, म्हणजे पाऊण तास. दुकान साडेआठला बंद करायचं असेल आणि खुर्च्या उचलायला अर्धा तास हवा असेल, तर सह्या उशिरात उशिरा सव्वासातला सुरू व्हायलाच हव्यात. म्हणून सहाचा कार्यक्रम सहा वाजून पाच मिनिटांनी सुरू करायचा. सव्वासहापर्यंत ‘अजून मंडळी येतायत’ म्हणून थांबलं की ती दहा मिनिटं कोणाच्या भाषणातून वजा होत नाहीत, रांगेतूनच होतात. शेवटच्या आठ-दहा जणांची पुस्तकं मग नावाशिवाय, घाईघाईने, मान वर न करता सही होऊन परत जातात. आणि हे शेवटचे लोक बहुधा तेच असतात, जे मागे बसून सगळं नीट ऐकत होते.

टेबल चार फूट लांब आणि नेहमीच्या लिहायच्या उंचीचं, म्हणजे पंचाहत्तर सेंटिमीटरच्या आसपास असावं. त्यावर चादर, टेबलक्लॉथ काही नको. पुस्तक सरकतं आणि सही वाकडी होते. खुर्ची बिनहातांची. पाण्याची झाकणाची बाटली शेजारच्या स्टुलावर ठेवायची. चहाचा कप टेबलावर कधीही येऊ द्यायचा नाही, कितीही आग्रहाने कोणी आणून ठेवला तरी. लेखकाच्या डाव्या हाताला एक माणूस उभा करायचा. त्याचं काम एकच: वाचकाकडून पुस्तक घेणं, सहीचं पान उघडणं, चिठ्ठी दिसेल अशी ठेवणं आणि पुस्तक लेखकासमोर सरकवणं. सही झालेलं पुस्तक उजवीकडून वाचकाच्या हातात जातं. लेखक डावखुरा असेल तर ही दिशा उलटी करायची, नाहीतर प्रत्येक वेळी हात एकमेकांत अडकतात. टेबल दाराजवळ लावू नये. रांग दाराबाहेर गेली की दुचाकींच्या मध्ये उभी राहते आणि आत येणाऱ्याला वाटतं दुकान बंद आहे. सगळ्यात चांगली जागा म्हणजे दुकानाचा आतला कोपरा. रांग कपाटांच्या कडेने वळत जाते आणि उभ्या उभ्या माणूस दुसरं पुस्तक उपसतो. त्या दिवशीची निम्मी जादा विक्री या रांगेतच होते. त्या भिंतीला काय लावायचं ते म्हणून आधीच ठरवावं. लेखकाची जुनी पुस्तकं, त्याच विषयावरची दोन-चार इतरांची आणि तळाच्या फळीवर मुलांची, कारण रांगेत मुलंही असतात आणि त्यांचे हात तिथपर्यंतच पोचतात.

आता चिठ्ठी. ही इतकी साधी गोष्ट आहे की बहुतेक ठिकाणी केलीच जात नाही. पुस्तकाचं बिल झालं की काउंटरवरच एका पिवळ्या चिकट चिठ्ठीवर वाचकाने स्वतःच्या हाताने नाव लिहायचं, आणि ती चिठ्ठी सहीच्या पानावर चिकटवायची. यात दोन कामं होतात. पिवळी चिठ्ठी दिसली म्हणजे बिल झालं आहे, त्यामुळे गर्दीत पुस्तक बिलाशिवाय बाहेर जात नाही आणि कोणाला ‘पैसे दिलेत का?’ असं विचारून ओशाळं करावं लागत नाही. दुसरं काम अधिक महत्त्वाचं. मराठी नावं ऐकून लिहिता येत नाहीत. हृषीकेश, ऋषिकेश, ऋषीकेश हे तिघेही एकाच रांगेत असू शकतात. सुनीता आणि सुनिता, नीलिमा आणि निलिमा, अश्विनी आणि आश्विनी. शुद्धलेखनाचे नियम इथे कामाचे नाहीत. ज्याचं नाव त्याची वेलांटी. हल्लीच्या मुलांची नावं तर आईवडिलांनाच दोनदा सांगावी लागतात. गोंगाटात ‘अनघा’चं ‘अनया’ होतं आणि एकदा शाईने लिहिलं की गेलं. चिठ्ठीवर फक्त नाव मागावं. ‘सौ.’, ‘श्री.’, ‘चि.’ काय हवं असेल ते वाचक स्वतः लिहील. लेखकाने आपल्या मनाने कोणाच्या नावाआधी ‘सौ.’ लावू नये, हे त्याच्या कानावर आधीच घालून ठेवलेलं बरं. पुस्तक भेट द्यायचं असेल तर भेट घेणाऱ्याचं नाव. हे विचारलं नाही तर माणूस सवयीने स्वतःचं लिहितो आणि टेबलापाशी पोचल्यावर त्याला बहिणीचा वाढदिवस आठवतो.

तरी एखादं नाव चुकतंच. त्यावर पांढरी शाई फासायची नाही, अक्षर गिरवून दुरुस्त करायचं नाही. दोन प्रती त्यासाठीच बाजूला काढून ठेवाव्यात. नवी प्रत द्यायची, चुकलेली प्रत दुकानाच्या खर्चात धरायची आणि शाळेच्या ग्रंथालयाला देऊन टाकायची.

सही कुठल्या पानावर? मुखपृष्ठ उघडलं की आधी अर्धशीर्षकाचं पान येतं, त्यावर नुसतं पुस्तकाचं नाव असतं. त्यानंतर शीर्षकपान, त्यावर लेखकाचं आणि प्रकाशनाचं नाव. शीर्षकपानावर लेखकाच्या छापील नावाखाली सही करण्याची पद्धत आहे आणि संग्राहक तेच मागतात. लांब मजकूर लिहायचा असेल तर अर्धशीर्षकावर जागा जास्त मिळते. अर्पणपत्रिकेवर सही करू नये, ते पान दुसऱ्या कोणाला दिलेलं असतं. एकदा पान ठरवलं की सगळ्या प्रतींना तेच ठेवावं, म्हणजे उघडून देणाऱ्याचा हात बसतो.

पेनाबद्दल थोडं सविस्तर, कारण पुस्तकं खराब होतात ती इथे. मराठी पुस्तकांचा आतला कागद बहुतेक वेळा सत्तर जीएसएमच्या (चौरस मीटरला सत्तर ग्रॅम) आसपासचा मॅपलिथो, म्हणजे साधा, बिनचकाकीचा, किंवा पिवळसर नॅचरल शेड असतो. त्यावर शाईच्या पेनाने लिहिलं तर अक्षराला मिशा फुटतात, आणि लेखक तर हमखास स्वतःचं शाईचं पेन घेऊन येतात. जाड परमनंट मार्कर पानाच्या आरपार जातो आणि मागच्या बाजूचा प्रकाशनाचा तपशील काळा करतो. साधं बॉलपेन उमटतं ठीक, पण जोर दिला की खालच्या तीन पानांवर वळ उठतात. या कागदाला पिगमेंट शाईचं बारीक टोकाचं पेन सगळ्यात चांगलं, टोक ०.५ ते ०.८ मिलिमीटर. पसरत नाही, लवकर वाळतं, पाण्याचा थेंब पडला तरी फिसकटत नाही. जेल पेन चालतं, पण सही झाल्याबरोबर पुस्तक मिटलं तर समोरच्या पानावर तिचा आरसा उमटतो. पावसाळ्यात हे हमखास, कारण हवा दमट असते आणि शाई वाळायला वेळ घेते. त्यासाठी टिपकागदाच्या पुस्तकात मावतील अशा पट्ट्या कापून ठेवाव्यात आणि सही झाली की एक आत घालून द्यावी. लहान मुलांच्या चित्रपुस्तकांचं गणित वेगळं. तो आर्ट पेपर, गुळगुळीत, चकचकीत. त्यावर जेल बोटाने पुसली जाते. तिथे बारीक टोकाचा परमनंट मार्करच हवा, कागद जाड असल्याने तो आरपार जात नाही. पेनं एकाच जातीची चार तरी ठेवावीत. एक बंद पडतं, एक लेखकाच्या खिशातून घरी जातं.

घरून आणलेल्या जुन्या प्रतींचं काय, यावर दुकानदारांत दोन मतं आहेत. काहींचं म्हणणं, दुकानात विकत घेतलेल्यावरच सही मिळेल. ते आखडतं धोरण आहे. वीस वर्षं जपलेली, पिवळी पडलेली पहिली आवृत्ती घेऊन येणारा माणूस लेखकाचा सगळ्यात पक्का वाचक असतो, आणि तो उद्या आपलाही गिऱ्हाईक होऊ शकतो. मात्र मर्यादा घालावी: घरच्या दोन प्रती, त्यांना गुलाबी चिठ्ठी, आणि गर्दी जास्त असेल तर पिवळ्या चिठ्ठ्यांनंतर. कोणी पिशवी भरून आणलं तर कार्यक्रम संपल्यावर लेखकाची तयारी असेल तितक्यावर.

अवघड प्रसंग पायरेटेड प्रतीचा. फूटपाथवर मिळणारी, फोटोकॉपीसारखी छापलेली खपाऊ पुस्तकं रांगेत येतातच. ओळखू येतात: मुखपृष्ठाचे रंग विटके, बारकोड फुटलेला, ओळी किंचित तिरप्या, आतला कागद हलका आणि मधली पानं कधी कधी गायब. आणणाऱ्याला बहुधा कल्पनाच नसते. चारचौघांत त्याला सुनावण्यात काही मिळत नाही. दुकानाचं कोरं बुकमार्क टेबलावर ठेवलेलं असावं. लेखक त्यावर नाव घालून सही देतो, पुस्तक न उघडताच परत जातं. पुस्तक उघडून देणाऱ्या माणसाने हे टेबलाच्या अलीकडेच ओळखायला हवं.

प्रती किती मागवायच्या? पन्नास माणसं अपेक्षित असतील तर नव्या पुस्तकाच्या पंचवीस ते तीस आणि जुन्या शीर्षकांच्या प्रत्येकी पाच-सहा पुरतात. लेखकाचे नातेवाईक, सोसायटीतले शेजारी आणि मित्र मोठ्या संख्येने येणार असतील तर हा आकडा कमी धरावा, वाढवू नये. त्यांना प्रती घरी मिळालेल्या असतात. माल प्रकाशकाकडून विक्री-परत तत्त्वावर, म्हणजे विकलेल्याचे पैसे आणि उरलेलं परत अशा बोलीवर घ्यावा, आणि चलनावर, म्हणजे मालासोबतच्या पावतीवर. किती टक्के सवलत आणि किती दिवसांत परत, हे चलनावरच लिहून घ्यावं. तोंडी ठरलेलं पुढच्या महिन्यात कोणाला आठवत नाही. आणि इथला सगळ्यात महागडा घोटाळा: कार्यक्रम संपल्यावर लेखक उत्साहात उरलेल्या सगळ्या प्रतींवर सह्या करतो. सही केलेली प्रत प्रकाशक परत घेत नाही. ती दुकानाने विकत घेतली. त्यामुळे लेखकाच्या हातात फक्त तेवढ्याच प्रती द्याव्यात जेवढ्या दोन महिन्यांत सहीच्या जोरावर खपतील, बहुधा पाच-सहा. बाकीच्या टेबलाखालच्या खोक्यात, झाकण लावून. पुण्यात एक सोय अशी की प्रती कमी पडतायत असं दुपारी लक्षात आलं तर अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकबाजारातून स्कूटरवर तासाभरात आणता येतात. रविवारी ही आशा धरू नये.

पुस्तकांवर जीएसटी शून्य आहे, पण चहाचे मग, पिशव्या कार्यक्रमाच्या निमित्ताने मांडल्या असतील तर त्यांना कर लागतो. बिलाच्या यंत्रात त्या वस्तू आधी नीट भरून ठेवाव्यात, सहा वाजता रांग लागल्यावर हे करता येत नाही. यूपीआयचे दोन क्यूआर लावावेत, दोन वेगळ्या बँकांचे. पुस्तकांच्या कपाटांमागे नेटवर्क दम तोडतं.

आता सहीच्या टेबलापासून मागे, वाचनाकडे. अभिवाचन म्हणजे लेखकाने पुस्तक उघडून कुठूनही वाचायला लागणं नव्हे. मोठ्याने, समजेल असं मराठी वाचायचा वेग मिनिटाला सव्वाशे शब्दांच्या आसपास असतो. डेमी, म्हणजे नेहमीच्या पुस्तकी आकाराच्या छापील पानावर साधारण अडीचशे शब्द असतात, म्हणजे पानाला दोन मिनिटं. नवा श्रोता एका बैठकीत बारा मिनिटं सलग ऐकतो, त्यापुढे तो छताकडे बघायला लागतो. म्हणून पहिला उतारा पाच-सहा पानांचा, मग बोलणं, आणि शेवटाकडे दुसरा उतारा तीन पानांचा. पहिल्या उताऱ्याआधी चार वाक्यांपेक्षा जास्त पार्श्वभूमी सांगावी लागत असेल तर तो उतारा चुकीचा निवडला आहे. ज्यात सहा पात्रं एकदम बोलतात तो टाळावा. पानावर कोण बोलतंय ते दिसतं, कानाला नाही. दोन माणसांचा संवाद, एखादी लांब, मजेशीर तक्रार, गावाचं किंवा घराचं वर्णन, हे चांगलं पोचतं. बोलीतला मजकूर तर छापील पानापेक्षा आवाजात जास्त फुलतो, मालवणी असो वा वऱ्हाडी. फक्त तो त्या बोलीत वाढलेल्याने वाचावा. लेखकालाच वाचता येत नसेल तर नाटकवाल्यांपैकी कोणाला बोलवावं, आणि उतारा किमान तीन दिवस आधी द्यावा. कवितेचं वेगळं: पाच-सहा कविता पुरतात, आणि लहान कविता दोनदा वाचावी. दुसऱ्या वेळी ती खरी ऐकली जाते.

उतारा पुस्तकातून वाचू नये. सोळा ते अठरा पॉइंटमध्ये, एकाच बाजूला छापून घ्यावा, पिना न मारता; वाचलेलं पान फक्त बाजूला सरकवायचं. पिना मारलेली पानं उलटताना जो खरखराट होतो तो माइकमधून सगळ्यांना ऐकू जातो. प्रत्येक पान वाक्य संपेल तिथेच संपवावं. डोक्यावरच्या ट्यूबलाइटने कागदावर वाचणाऱ्याचीच सावली पडते, म्हणून एक टेबललॅम्प लागतोच. पुस्तक मात्र हाताशी असावं, मुखपृष्ठ लोकांकडे करून.

पूर्ण कथा वाचून तिचं फेसबुकवर थेट प्रक्षेपण करायचं असेल तर आधी प्रकाशकाला विचारावं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२ प्रसिद्ध साहित्यातला वाजवी उतारा जाहीरपणे वाचायला मुभा देतं, पण अख्खी कथा ध्वनिमुद्रित करून कायमची नेटवर ठेवणं त्यात बसत नाही. लेखकाने ऑडिओचे हक्क कोणाला दिलेले असतात आणि ते त्यालाही बऱ्याचदा आठवत नाही. उताऱ्याचा तीन मिनिटांचा व्हिडिओ जाहिरातीला पुरेसा असतो.

आवाजाच्या बाबतीत बहुतेक दुकानं दोन टोकांना असतात. एक तर ‘तीस माणसांना माइक कशाला’ म्हणतात, आणि बाहेरून पीएमपीची बस गेली की दोन वाक्यं गिळली जातात. नाहीतर लग्नातल्यासारखी स्पीकरची भिंत उभी करतात. चाकांचा, बॅटरीवर चालणारा एक ट्रॉली स्पीकर आणि एक तारेचा डायनॅमिक माइक, एवढंच हवं. स्पीकर वाचणाऱ्याच्या मागे ठेवला की शिट्टी मारणारच. तो माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून, कानाच्या उंचीवर ठेवावा. माइक तोंडापासून चार बोटांवर आणि किंचित बाजूला, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटत नाहीत. ब्लूटूथवर माइक जोडायच्या भानगडीत पडू नये; आवाज क्षणभर उशिरा येतो आणि वाचणारा स्वतःच्याच आवाजाला अडखळतो. बिनतारी माइक असेल तर सेल नवे, रोजच्या घड्याळातले काढलेले नकोत. छताचे पंखे दोनवर आणावेत, माइकवर थेट वारा नको. वीज गेली तर स्पीकरची बॅटरी चालते, पण दिवे? दोन दिवे इन्व्हर्टरवर आहेत ना, हे दुपारी मेन स्विच बंद करून बघावं. बाहेर फुटपाथवर स्पीकर लावायचा मोह झाला तर पोलीस परवानगी लागते, आणि वरच्या मजल्यावरचे रहिवासी आयुष्यभर लक्षात ठेवतात.

बसायला तीस खुर्च्या मांडववाल्याकडून, बिनहातांच्या. एका खुर्चीला अर्धा मीटर रुंदी, ओळीला पंचाऐंशी सेंटिमीटर खोली. सहाच्या पाच ओळी म्हणजे तीन मीटर बाय सव्वाचार, पुढे वाचणाऱ्यासाठी दीड मीटर आणि एका कडेने नव्वद सेंटिमीटरची वाट. मिळून जवळपास अडीचशे चौरस फूट, म्हणजे पाचशेच्या दुकानात मधली दोन कपाटं सरकवली की बसतं. ती चाकांवर करून घेतलेली असतील तर दहा मिनिटांचं काम, नसतील तर दुपार गेली. पहिल्या ओळीपुढे सतरंजी घालावी. मुलं, कॉलेजची मंडळी तिथे बसतात आणि खुर्च्या कमी पडत नाहीत. पंचवीस खुर्च्या मांडून पाच भिंतीशी ठेवाव्यात. बावीस माणसांत पंचवीस खुर्च्या भरलेल्या दिसतात, चाळीस मांडल्या तर लेखकाचा चेहरा पडतो.

आता कार्यक्रमाच्या ढाच्याबद्दल, आणि इथे थोडं स्पष्ट बोलायला हवं. आपल्याकडे चार माणसं जमली की दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय, मनोगत आणि अध्यक्षीय समारोप आपोआप उगवतात. प्रकाशन समारंभाला ते शोभतं. दुकानात या सगळ्याला मिळून चाळीस मिनिटं जातात आणि लेखकाच्या वाट्याला वीस उरतात. परिचय नव्वद शब्दांचा, लिहून काढलेला, पुरस्कारांची यादी न वाचता. स्वागत पुष्पगुच्छाऐवजी दुकानातल्या एखाद्या पुस्तकाने. मानधन किंवा प्रवासखर्च द्यायचा असेल तर पाकीट कार्यक्रमाआधी, मागच्या खोलीत. गप्पांचं स्वरूप ठेवायचं असेल तर विलेपार्ल्याच्या मॅजेस्टिक गप्पांची परंपरा समोर आहेच: दोन खुर्च्या, विचारणाऱ्याने पुस्तक वाचलेलं, आणि लेखकाला बोलू द्यायचं. संवादकाकडे सहा-सात प्रश्न असावेत. पहिला प्रश्न ‘लेखनाची प्रेरणा कशी मिळाली’ हा नसावा. त्याचं उत्तर लेखकाचं पाठ असतं आणि ते लांब असतं.

श्रोत्यांच्या प्रश्नांना पंधरा मिनिटं. माइक दुकानातल्या माणसाने स्वतःच्या हातात धरून प्रश्न विचारणाऱ्यासमोर न्यावा, हातात सोपवू नये. ‘प्रश्न असा नाही, पण मला एक मांडायचं आहे’ असं म्हणणारे एक ज्येष्ठ प्रत्येक कार्यक्रमाला असतात, आणि माइक एकदा त्यांच्या हातात गेला की परत घेताना वाईटपणा येतो. माइक आपल्या हातात असेल तर ‘सर, हे सहीच्या वेळी त्यांच्याशी नक्की बोला’ म्हणून पुढे सरकता येतं. शेवटचा प्रश्न जाहीर करून घ्यायचा आणि त्यानंतर लगेच दुसरा, छोटा उतारा. वाचनाने संपवलं की लोक पुस्तक घ्यायला उठतात. आभारप्रदर्शनाने संपवलं की चपला शोधायला.

मुलांचा कार्यक्रम सकाळी अकराला, एकूण चाळीस मिनिटांचा. वाचन दहा-बारा मिनिटं, बाकी चित्रं काढणं, आवाज काढणं. चित्रकार सहीबरोबर छोटं चित्र काढून देत असेल तर एका प्रतीला दोन-तीन मिनिटं लागतात. म्हणून वीसच टोकन, आधी वाटलेली, आणि तसं निमंत्रणातच लिहिलेलं. रडणारं एकविसावं मूल कोणालाच बघवत नाही.

तारीख निवडताना २७ फेब्रुवारी, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस आणि मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन आणि १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन टाळावेत. त्या दिवशी लेखक तीन ठिकाणी बांधलेला असतो आणि तुमच्याकडे धापा टाकत येतो. आदल्या किंवा पुढच्या शनिवारी तोच लेखक निवांत मिळतो. गणपतीचे दहा दिवस पुण्याच्या मध्यवस्तीतले बरेच रस्ते संध्याकाळी वाहतुकीला बंद असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीवाल्या घरांतून कोणी हलत नाही. डिसेंबरात सवाई गंधर्व संगीत महोत्सव आणि फर्ग्युसन कॉलेजच्या मैदानावरचा पुस्तक महोत्सव, दोन्हींशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात संध्याकाळऐवजी रविवारी सकाळी साडेदहा.

निमंत्रणात कार्यक्रम कुठे, म्हणजे खुणेसकट कुठे, दुचाकी कुठे लावायची आणि सह्या किती वाजता सुरू होतील, हे लिहावं. शेवटच्या माहितीमुळे फक्त सहीसाठी येणारेही वेळेवर येतात. पोस्टर करणाऱ्याकडून प्रूफ मागवून जोडाक्षरं तपासावीत. फॉन्ट बदलला की ‘क्ष’, ‘श्र’ आणि रफार फुटतात, आणि लेखकाच्या नावातलं जोडाक्षर फुटलेलं पोस्टर तीनशे ग्रुपांत जाऊन आलेलं असतं. वृत्तपत्रांच्या ‘आजचे कार्यक्रम’ सदराला तीन-चार दिवस आधी मजकूर द्यावा; साठीच्या पुढचा वाचक अजूनही तिथून येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘नक्की येतो’ म्हणणाऱ्यांपैकी निम्मे धरावेत.

न येऊ शकणाऱ्यांच्या मागण्या आधी घ्याव्यात, पैशांसकट. बंगळुरूची भाची, न्यू जर्सीतला मुलगा, मुंबईतली मैत्रीण. सही केलेली प्रत पाठवायला सांगणारे बरेच असतात. त्यांची नावांची यादी मोठ्या अक्षरात छापावी, त्याच क्रमाने पुस्तकं रचावीत, आणि लेखकाला साडेपाचला बोलावून कार्यक्रमाआधी शांतपणे त्या प्रतींवर सह्या करून घ्याव्यात. कार्यक्रमानंतर दमलेला हात नावं चुकतो. देशातल्या देशात पाठवायला मे २०२५ पासून टपाल खात्याची ज्ञान पोस्ट आहे: तीनशे ग्रॅमला वीस रुपयांपासून पाच किलोला शंभर रुपयांपर्यंत, अधिक कर. ती शैक्षणिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी आहे, तेव्हा आपलं पुस्तक तिच्यात बसतं का हे खिडकीवर आधी दाखवून घ्यावं. पुस्तक आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग दोन्ही बाजूंना पुठ्ठा, कोपऱ्यांवर पुठ्ठ्याची जादा घडी. कोपरे चेपलेली सहीची प्रत लोक परत पाठवतात आणि दुसरी सही मिळवणं हा वेगळाच उद्योग होतो.

रात्रीच तीन आकडे वहीत लिहून ठेवावेत: किती माणसं आली, शीर्षकागणिक किती प्रती गेल्या, शेवटची सही किती वाजता झाली. उरलेला माल दुसऱ्या दिवशी मोजून चलनासकट परत, विकलेल्याचे पैसे ठरल्या मुदतीत. मांडववाला सकाळी दहाला खुर्च्या न्यायला येतो. रात्री त्या मोजून ठेवल्या नसतील तर एकतिसावी आपलीच होती हे त्याला पटवत बसावं लागतं.